बाबांना घेऊन स्ट्राइप्ड बास गरवायला: चार्टर बोट घ्यावी का?

खाडीवरचा (१४ मे)

आईबाबा या महिनाअखेरीस येताहेत, मुक्काम ऑक्टोबरपर्यंत. आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. मागच्या खेपेला मॉल, मंदिर, देशी दुकान आणि नायगारा हे सगळं यथासांग दाखवून झालं. नायगाऱ्यासमोर उभे राहून बाबा म्हणाले, "पाणी भरपूर आहे रे, पण गरवतात कुठे?"

बाबा रेवदंड्याचे. शाळेत गणित शिकवलं ते पोटासाठी, जीव सगळा कुंडलिकेच्या खाडीत. काठीबिठी काही नाही, तर्जनीवरून सोडलेलं तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि टोकाला कोळंबी. आता वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण भरतीची वेळ अजून कॅलेंडर न बघता सांगतात.

ऑफिसातला एक जण म्हणाला की इथे स्ट्राइप्ड बास नावाचा मासा गरवायला बोट मिळते, कप्तान सोबत येतो, सामान सगळं त्याचं. कुणी गेलंय का? कुठून जावं, कोणत्या महिन्यात, खर्च किती, लायसनची भानगड काय? आणि मुख्य म्हणजे मासा घरी आणता येतो ना? "फोटो काढून सोडून द्यायचा" असं बाबांना सांगायची माझी छाती नाही.

तिरफळ (१४ मे)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचे गौण आहेत. आणता येतो. पांढरं मांस, जाड पाकळ्या, काटे कमी. चवीला जिताड्याच्या अंगाने जाणारा. फक्त रवा लावून तळायच्या फंदात पडू नका, तुकडा जाड असल्याने बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. कालवणच करा. आणि कप्तान साफ करून देताना डोकं नि मधला काटा सरळ पाण्यात भिरकावतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. आमच्या कप्तानाने डोकं पिशवीत भरून देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

पावसाळी_ढग (१४ मे)

सतरंजी टाकून बसतोय.

अर्धा_तांडेल (१५ मे)

खाडीवरचा, बारा वर्षं यात पैसे घालवतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

हा मासा आपल्या पाल्यासारखा (हिलसासारखा) आहे. संसार समुद्रात, बाळंतपणाला गोड्या पाण्यात. माहेरं मुख्यतः तीन: चेसापीक खाडीला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन. वसंतात अंडी घालून झाली की मोठ्या माद्या किनाऱ्याने उत्तरेला निघतात, उन्हाळा मॅसॅच्युसेट्स-मेनकडे काढतात आणि थंडीच्या तोंडाला परत खाली येतात. म्हणून "कुठे जाऊ" याचं उत्तर महिन्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये तुमच्या घराजवळचा रॅरिटन बे उत्तम, कारण तिथे बंकरचे (आपल्या तारलीच्या गोतातला, तेलकट आणि काटेरी) थवे येतात आणि बास त्यांच्या मागे. जूनच्या मध्यापासून मोठा मासा पुढे सरकतो. जुलै-ऑगस्टला तिथे बोट घेणं म्हणजे ऊन खायला पैसे मोजणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा बहार.

बोटी दोन तऱ्हेच्या. बेलमार किंवा अटलांटिक हायलंड्सहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीत माणशी तिकीट असतं, कठड्याला लोक खेटून उभे, आणि तुमचं तंगूस शेजाऱ्याच्या तंगुसात. मजा येते, पण ७१ वर्षांच्या माणसाला सकाळभर उभं राहायला लावू नका. दुसरी छोटी, अख्खी आपलीच. तिचा कप्तान जास्तीत जास्त सहा उतारू घेऊ शकतो, म्हणून तिला सिक्स पॅक म्हणतात. चार-पाच तास, खाडीच्या किंवा बंदराच्या आतच, किनारा सतत दिसतो. गिऱ्हाइकाला वेगळं लायसन लागत नाही, बोटीच्या परवान्यात भागतं. बोटीवर मदतनीस असेल तर त्याला भाड्याच्या पंधरा-वीस टक्के बक्षिसी धरून चाला. ही रक्कम भाड्यात नसते आणि ती ऐनवेळी कळली की चेहरा पडतो (माझा पडला होता).

आता वाईट बातमी. समुद्राच्या बाजूला माणशी दिवसाला एकच मासा ठेवता येतो, आणि तोही २८ ते ३१ इंचांमधला.

खाडीवरचा (१५ मे)

थांबा. २७ चालणार नाही, आणि ३२ पण नाही?

अर्धा_तांडेल (१५ मे)

नाही. तीन इंचांची खिडकी.

पांढरा_कांदा (१५ मे)

हे तर स्थळ बघण्यासारखं झालं. "मुलगी पाच-तीन ते पाच-चार, गोरी, गृहकृत्यदक्ष."

तिरफळ (१५ मे)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण मला हा नियम पहिल्यापासून खटकतो. लहान सोडा हे समजतं. मोठा का सोडायचा? त्याने आयुष्य बघितलेलं असतं.

चेसापीककर (१६ मे)

तिरफळताई, मोठा म्हणजे बहुतेक वेळा मादी, आणि जितकी मोठी तितकी अंडी जास्त. हे मासे तीस वर्षांपर्यंत जगतात, म्हणजे चाळीस इंची बाई अजून कित्येक वसंत माहेरी जाणार असते.

मी मेरीलँडला राहतो. इथे याला रॉकफिश म्हणतात आणि तो आमचा राज्यमासा आहे. १९७०-८० च्या दशकांत तो इतका ओरबाडला गेला की १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला (इथल्या संसदेला) खास कायदा करावा लागला, आणि १९८५ ते १९९० मेरीलँडने मासेमारी साफ बंद ठेवली. पाच वर्षं! कोळ्यांनी शिव्या घातल्या, पण मासा परत आला. तसं या माशाला वाचवायचं खूळ जुनंच: मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच बास आणि कॉड शेतात खत म्हणून घालायला मनाई केली होती. विचार करा, लोक हा मासा मक्याच्या मुळाशी पुरत होते.

आता पुन्हा घसरगुंडी. इथे १९५४ पासून दर उन्हाळ्यात नद्यांत ठरलेल्या जागी रापण (काठाला ओढायचं लांब जाळं) ओढून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. एका ओढीला सरासरी अकराच्या आसपास मिळायची. २०२३ मध्ये मिळालं एक. २०१९ पासून आकडे असेच रडताहेत. २०१५ ची पिढी तेवढी चांगली होती, ती वाढून २०२३ मध्ये नेमकी जाळ्यात यायला लागली, म्हणून त्या मेमध्ये तातडीने वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली. तीन इंचांची खिडकी त्यातून आली. चेसापीकच्या आत मासा लहान असतो, तिथे १९ ते २४.

मीनाक्षी_पण_शाकाहारी (१६ मे)

माझा भाबडा प्रश्न. खायचा असेल तर पकडा, समजू शकते. पण गळ टोचायचा, दमवायचा, फोटो काढायचा आणि "जा बाळा" म्हणायचं, यात दया कुठली? सोडलेले जगतात तरी का?

तिरफळ (१६ मे)

+१. मी मांसाहारी असून मीनाक्षीच्या बाजूने. खेळ म्हणून जिवाला टोचू नये, भूक म्हणून टोचावं.

अर्धा_तांडेल (१६ मे)

सोडलेल्यांतले साधारण नऊ टक्के मरतात असं हिशेबात धरलं जातं. लोक पकडलेल्यांतले बहुतेक मासे सोडतात, त्यामुळे तो नऊ टक्क्यांचा आकडाही लहान राहत नाही, हे मान्य. पण किती मरतात ते हातावरही आहे. थंड पाणी, पटकन ओढणं, मासा डेकवर न आपटणं, आणि गरी. जिवंत किंवा तुकड्याचं आमिष असेल तर २०२१ पासून गोल गरीच लागते, टोक आत वळलेली. साधी गरी मासा पोटापर्यंत गिळतो. गोल गरी तो वळला की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसते.

खाडीवरचा, इथेच तुमच्या बाबांची पंचाईत होणार आहे. गोल गरीला हिसका द्यायचा नसतो. हिसका दिला की ती तोंडातून सुळकन बाहेर. दोरी ताणू द्यायची, मासा स्वतःच अडकतो. साठ वर्षं हिसका देणाऱ्या हाताला हे सांगून बघा.

खाडीवरचा (१६ मे)

मेलो. ते टीव्हीचा रिमोट पण हिसका देऊन दाबतात.

बेएरिया_बाबू (१७ मे)

पूर्वेकडच्यांनी फार मिरवू नये, आमच्याकडेही आहे हा मासा, आणि तो तुमच्याच न्यू जर्सीचा. १८७९ मध्ये नेव्हसिंक नदीतली सव्वाशेवर पिल्लं पिंपांत घालून रेल्वेने देशाच्या या टोकाला आणली आणि सॅन फ्रान्सिस्को बेच्या वरच्या अंगाला सोडली. वीस वर्षांत बाजारात ढिगाने विकला जाऊ लागला. थोडक्यात, पहिले एच-वन-बी.

पावसाळी_ढग (१७ मे)

आणि ग्रीन कार्ड लगेच मिळालं. प्रजातीच बदला मंडळी.

पांढरा_कांदा (१७ मे)

मी अलिबागहून लिहितोय, अमेरिकेशी संबंध शून्य, पण जिताड्याचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. जिताड्याचं गणित बासच्या बरोबर उलटं. तो वाढतो खाडीत, तळ्यात, गोड्या पाण्यात, आणि अंडी घालायला खाऱ्याकडे जातो. आमच्या खारपाटात लोक पिल्लं तळ्यात सोडून पाळतात. साहेबाचं काम अडलं की जिताडा पोचवायचा ही जुनी रीत, आणि जावयाला वाढला नाही तर वर्षभर ऐकून घ्यायचं. मापाचे नियम इकडेही आलेत. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींची किमान मापं ठरवली, पापलेटला राज्यमासा केलं. पण बाजारात बोटभर पापलेटांचे वाटे अजून लागतात आणि आपणच "आज स्वस्त मिळाली" म्हणून घेतो. त्यामुळे कप्तान पट्टी लावून बसतो हे वाचून हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

चार्ल्सकाठ (१८ मे)

उशिरा आले. जूनअखेरीस जाणार असाल तर बॉस्टनला या. बंदराच्या आतच मासा असतो, लोगन विमानतळाची विमानं डोक्यावरून उतरत असतात आणि खाली बास. हे तेच बंदर जिथे १९८० च्या दशकात शहराचा मैला जवळजवळ तसाच सोडत. कोर्टकचेऱ्या झाल्या, डिअर आयलंडवर शुद्धीकरण केंद्र झालं (अंड्याच्या आकाराच्या १२ प्रचंड टाक्या, बोटीतून ठळक दिसतात), आणि २००० पासून शुद्ध केलेलं पाणी साडेनऊ मैल लांबीच्या बोगद्यातून बाहेर समुद्रात नेतात. भरती-ओहोटीत दहा फुटांचा फरक पडतो, तुमच्या बाबांना घरच्यासारखं वाटेल.

आमचा एक अनुभव वाईट होता, तो सांगते म्हणजे तुम्ही फसणार नाही. केप कॉडला एक बोट घेतली, नाव लिहीत नाही. कप्तानाने आमच्या वेळेला बोट दिली, पाण्याच्या वेळेला नाही. ओहोटी संपून पाणी ठप्प उभं, आणि त्या दोन तासांत एकही मासा हलला नाही. नंतर पाणी सुटायला लागलं तेव्हा साहेब घड्याळ दाखवून परत फिरले, कारण दुपारचं गिऱ्हाईक. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "त्या दिवशी पाणी कधी चालतं?" जो पहाटे साडेचारला बोलावतो तो बरा.

आणि केळी नेऊ नका. बोटीवर केळं अपशकुनी मानतात. थट्टा नाही, आमच्या कप्तानाने डबा उघडून पाहिला होता.

तिरफळ (१८ मे)

केळ्याचे वेफर्स चालतात का?

चार्ल्सकाठ (१८ मे)

या प्रश्नावर शास्त्र गप्प आहे.

मीनाक्षी_पण_शाकाहारी (१९ मे)

बोट लागत असेल तर? आमच्याकडे हे गेले होते, साडेतीन तास बादलीशी गप्पा मारल्या. स्टुजेरॉन (बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी) इकडे मिळत नाही, भारतातून येणाऱ्यांना आणायला सांगा. आलेपाकही सोबत ठेवा.

खाडीवरचा (१९ मे)

बाबांना विचारलं. फोनवर दहा सेकंद शांतता. मग, "मला? बोट?" आणि फोन आईकडे.

आईने गुपचूप गोळ्यांची एक पट्टी बॅगेत टाकली आहे.

खाडीवरचा (३० जून)

मंडळी, जाऊन आलो. ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून करून विचारलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

बॉस्टनलाच गेलो, चुलतभावाकडे मुक्काम. पहाटे पावणेपाचला धक्क्यावर. पाच तासांचे ७२० डॉलर, बक्षिसी वेगळी. आई येणार नव्हती, पण "तुम्ही दोघं उपाशी मराल" म्हणून आली. पिशवीत थालीपीठ, चटणी, आणि तळाशी केळ्याचे वेफर्स. कप्तानाने विचारलं, मी खोटं बोललो.

पहिलं काम आमिष. बारीक गऱ्यांची माळ सोडली, दोन-चार झटके, आणि एका दमात पाच मॅकरेल लटकत वर. हिरवी पाठ, काळ्या वळवळत्या रेघा. बांगडाच म्हणा, जरा सडपातळ. वीसेक मासे टाकीत फिरायला लागले. आई वाकून बघत होती. मग कप्तानाने एक काढला, नाकातून गरी घातली आणि जिवंत पाण्यात सोडला. आई मला हळूच म्हणाली, "बांगडा फुकट घालवतायत?"

पुढचं अर्ध्या तांडेलने सांगितलं तसंच. बाबांच्या काठीवर पहिला मासा आला, रीळ किर्र करून फिरलं, आणि बाबांनी खांद्यापासून असा हिसका दिला की बोट हलली. मासा गेला. दुसराही तसाच. कप्तान शांतपणे "नो स्विंग, सर" म्हणाला. माझ्या वडिलांना साठ वर्षांत गरवण्यातली चूक कुणी दाखवली नव्हती. ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी काठी पकडीत ठेवली आणि दोरी नुसती तर्जनीवर घेतली, घरी घेतात तशी, आणि डोळे मिटले. दोरी चालायला लागली. मी श्वास रोखून. त्यांनी काही केलं नाही, बोटसुद्धा हलवलं नाही. मग काठी वाकली.

अडतीस इंच. चंदेरी अंगावर शेपटीपर्यंत गेलेल्या काळ्या रेघा, मी मोजल्या, सात. बाबा घामाघूम. कप्तानाने खालचा जबडा कसा धरायचा ते दाखवलं, बाबांनी त्याला पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरलं, पाच-सहा श्वास, आणि शेपटीचा एक फटका, सगळ्यांच्या तोंडावर पाणी. दात म्हणावेत असे नाहीत, पण जबडा पॉलिश पेपरसारखा खरखरीत. बाबांच्या अंगठ्याची साल निघाली. ती आता रेवदंड्यापर्यंत सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवून झाली आहे.

नंतर एक आला तो मधल्या मापाचा. कप्तानाने पट्टीवर ठेवला. पावणेअठ्ठावीस. शेपटीची दोन टोकं चिमटून जवळ आणली की लांबी थोडी वाढते, मोजायची पद्धतच ती आहे. चिमटली. पावणेअठ्ठावीसच्या वर दोराभर सरकला, अठ्ठावीसला टेकला नाही. कप्तान माझ्याकडे बघतोय, मी बाबांकडे. माझ्या डोक्यात कालवण शिजत होतं. बाबा चष्मा पुसून पट्टीवर वाकले, नीट बघितलं आणि म्हणाले, "चौतीस मार्क. नापास."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या माणसाने नोकरीत एकदाही चौतिसाचे पस्तीस केले नाहीत. शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाचेही नाहीत. मासा त्यांनी स्वतः सोडला.

पांढरा_कांदा (३० जून)

गुरुजींना अलिबागहून साष्टांग. माझे १९९१ मध्ये गणितात तेहतीस होते, मी काही बोलत नाही.

तिरफळ (३० जून)

म्हणजे मासा नाहीच? रिकाम्या हाताने आलात?

खाडीवरचा (३० जून)

मला एक पस्तीस इंची लागला, तोही सोडला. खिडकीत बसणारा एकही नाही. परत येताना कप्तान टाकीतले उरलेले मॅकरेल पाण्यात सोडायला निघाला, तर आईने त्याचा हातच धरला. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत मोठ्याने बोलली, "नो! गिव्ह!" अकरा मिळाले. चुलतभावाकडे रात्री तिखलं केलं, तिरफळ घालून (तुमचं नाही). कप्तानाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं की वीस वर्षं मी हे आमिष म्हणून वापरतोय.

बाबांनी जेवताना हिशेब केला. बक्षिसी धरून एक बांगडा साडेसत्त्याहत्तर डॉलरला पडला.

मीनाक्षी_पण_शाकाहारी (१ जुलै)

काका मला आवडले. माझा आक्षेप कायम आहे, पण काका आवडले.

अर्धा_तांडेल (१ जुलै)

डोळे मिटून दोरी बोटावर घेणं मी करून बघणार आहे. बारा वर्षं महागडी रिळं घेतोय, हे कुणी सांगितलं नाही. आईबाबा ऑक्टोबरमध्ये कधी परत जाताहेत? रॅरिटन बेला तेव्हा मासा परत येतो, माझी छोटी बोट आहे, भाडं नको.

खाडीवरचा (१ जुलै)

तिकीट २० ऑक्टोबरचं होतं. आज सकाळी बाबांनी विचारलं, तारीख बदलायला किती पडतात. आईने विचारलं, आमिष कोणतं असणार आहे.